जावई युरोपचा, लेक कोणाच्या हक्काने?

परदेशातले स्थळ आपल्या समाजाला नवीन नाही. कोकणातली माणसे आधी आफ्रिकेला गेली, मग आखातात आणि ब्रिटनला. गोव्यातल्या अनेक कुटुंबांनी पोर्तुगालचा पासपोर्ट काढला. आता स्थळ सांगणारे म्हणतात, "मुलगा पोर्तुगालचा नागरिक आहे, नोकरी आयर्लंडला आहे." घरातली वडीलधारी माणसे मुलाचे शिक्षण, पगार, खानदान, दीनदारी सगळे विचारतात. मेहरवर दोन-दोन बैठका होतात. पण एक प्रश्न फार थोडी माणसे विचारतात. आपली मुलगी तिथे कोणत्या हक्काने राहणार? नवऱ्याच्या मेहेरबानीवर, की कायद्याने तिला दिलेल्या तिच्या स्वतःच्या हक्कावर?

या प्रश्नाचे उत्तर युरोपीय संघाच्या एका कायद्यात आहे. हे उत्तर आपल्या घरांत पोहोचावे म्हणून आम्ही ते साध्या भाषेत मांडत आहोत.

आधी एक फरक समजून घेऊ

'मुलगा युरोपात असतो' आणि 'मुलगा युरोपचा नागरिक आहे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुण्याचा इंजिनिअर भारतीय पासपोर्टवर जर्मनीत नोकरी करतो. त्याच्या बायकोला जर्मनीचे, परदेशी कामगारांच्या कुटुंबांसाठी असलेले नियम लागू होतात. आम्ही ज्या कायद्याबद्दल लिहीत आहोत तो त्याच्यासाठी नाही. हा कायदा युरोपीय संघाच्या 27 देशांपैकी एखाद्या देशाच्या नागरिकासाठी आणि त्याच्या कुटुंबासाठी आहे, मग ते कुटुंब कोणत्याही देशाचे असो.

यातही एक मेख आहे. नागरिकाने आपला देश सोडून संघातल्या दुसऱ्या देशात जाऊन राहिले पाहिजे. पोर्तुगालचा नागरिक आयर्लंडमध्ये, फ्रान्सचा नागरिक स्पेनमध्ये, असे. जर्मनीचा नागरिक जर्मनीतच राहत असेल आणि कधी बाहेर राहिला नसेल, तर त्याच्या भारतीय पत्नीला जर्मनीचा स्वतःचा कायदा लागतो.

याचा परिणाम विचित्र होतो. 2007 पासून जर्मन नागरिकाच्या परदेशी पत्नीला सर्वसाधारणपणे तिथे जाण्याआधी जर्मन भाषेची पहिल्या पातळीची परीक्षा द्यावी लागते. त्यासाठी आपल्या मुली मुंबई-पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात बसतात. पण तीच मुलगी जर्मनीत नोकरी करणाऱ्या पोर्तुगीज नागरिकाची पत्नी असेल, तर तिला ही परीक्षा लागत नाही. घरच्या नागरिकापेक्षा बाहेरून आलेल्या नागरिकाला जास्त सवलत!

डेन्मार्कमध्ये तर यावरून मोठा इतिहास घडला. 2002 मध्ये तिथल्या सरकारने नियम केला की परदेशी जोडीदाराला आणायचे असेल तर दोघांचेही वय किमान 24 हवे. त्याआधी दोनच वर्षे, 2000 मध्ये, डेन्मार्क आणि स्वीडन यांना जोडणारा ओरेसुंड पूल खुला झाला होता. मग अनेक डॅनिश तरुण पूल ओलांडून स्वीडनच्या माल्मो शहरात राहायला गेले. तिथे ते दुसऱ्या सदस्य देशातले युरोपीय नागरिक झाले आणि त्यांच्या जोडीदाराला संघाचा कायदा लागू झाला. नोकरी कोपनहेगनला आणि संसार माल्मोला, असे कितीतरी जणांनी केले.

कायदा काय देतो?

हा निर्देश 29 एप्रिल 2004 चा आहे. 2004/38 हा त्याचा क्रमांक लक्षात ठेवावा, कारण अर्ज करताना हाच क्रमांक सांगावा लागतो. सदस्य देशांनी 2006 च्या एप्रिलअखेर आपापल्या कायद्यात तो आणायचा होता. संघाबाहेरच्या नॉर्वे, आइसलँड आणि लिक्टेनस्टाइन या देशांतही तो चालतो. स्वित्झर्लंडचा संघाशी वेगळा करार आहे.

'कुटुंब' म्हणजे कोण, हे कायद्यानेच सांगितले आहे. पती किंवा पत्नी, दोघांपैकी कोणाचीही 21 वर्षांखालची किंवा अवलंबून असलेली मुले, आणि दोघांचे अवलंबून असलेले आई-वडील. म्हणजे सुनेची म्हातारी आई खरोखर जावयाच्या कमाईवर जगत असेल, तर तिलाही त्यात जागा आहे.

पहिले तीन महिने राहायला पासपोर्टखेरीज काही अट नाही. त्यापुढे राहायचे तर युरोपीय नागरिकाने नोकरी किंवा धंदा करायला हवा. नाहीतर स्वतःपुरते आणि कुटुंबापुरते पुरेसे उत्पन्न आणि पूर्ण आरोग्य विमा हवा. या अटी प्रामुख्याने नागरिकावर आहेत. तो त्या पुऱ्या करत असेल तर पत्नीला त्याच्याबरोबर राहता येते.

तिथे पोहोचल्यावर पत्नीने निवास कार्डासाठी अर्ज करायचा. अर्ज केल्याची पावती लगेच मिळाली पाहिजे आणि सहा महिन्यांच्या आत कार्ड. त्यावर 'युरोपीय नागरिकाच्या कुटुंबीयाचे निवास कार्ड' असे लिहिलेले असते आणि साधारणपणे ते पाच वर्षे चालते. त्या देशाचे लोक आपल्या ओळखपत्रासाठी जी फी भरतात त्यापेक्षा जास्त फी घेता येत नाही. पत्नीला नोकरी-धंदा करण्याचा हक्क आहे. त्यासाठी वेगळा परवाना मागता येत नाही. आपल्या शिकलेल्या मुलींसाठी हे फार मोलाचे आहे. डी. एड., फार्मसी, नर्सिंग करून गेलेली मुलगी केवळ कागद नाही म्हणून घरात बसून राहायला नको.

सलग पाच वर्षे कायदेशीर राहिल्यावर कायम निवासाचा हक्क मिळतो. वर्षातून सहा महिन्यांपर्यंत माहेरी राहिले तरी सलगपणा तुटत नाही. बाळंतपण, मोठे आजारपण, शिक्षण अशा कारणासाठी एकदा बारा महिन्यांपर्यंत बाहेर राहता येते. कायम निवास मिळाल्यानंतर मात्र सलग दोन वर्षांपेक्षा जास्त बाहेर राहिले तर तो हक्क जातो. पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी आणण्याची आपली रीत आहे. ती जरूर पाळावी, पण तारखा मोजून.

प्रवासाचा हक्क

भारतीय पत्नीला पहिल्यांदा जाताना व्हिसा लागतो, पण तो फुकट आणि लवकर द्यायचा असे कायदा सांगतो. इतरांना आज शेंगेन व्हिसासाठी 90 युरो भरावे लागतात. नागरिक पतीबरोबर किंवा त्याच्याकडे दुसऱ्या सदस्य देशात जाणाऱ्या पत्नीला ते भरावे लागत नाहीत. तिच्याकडे बँकेचे उतारे, हॉटेलचे बुकिंग, नोकरीचा दाखला मागू नये. पासपोर्ट, लग्नाचा पुरावा आणि पती त्या देशात आहे किंवा बरोबर जात आहे याचा पुरावा पुरेसा असतो. युरोपीय आयोगाने 2009 च्या मार्गदर्शनात म्हटले होते की चार आठवड्यांपेक्षा जास्त वेळ लावणे वाजवी नाही.

निवास कार्ड हाती आले की पतीबरोबर किंवा त्याच्याकडे इतर सदस्य देशांत जाताना वेगळा व्हिसा लागत नाही. याची अंमलबजावणी मात्र सहज झाली नाही. एका आयरिश-ब्रिटिश नागरिकाची कोलंबियन पत्नी त्याच्याबरोबर स्पेनमध्ये राहत होती. तिच्याकडे स्पेनचे कार्ड होते. तरी ब्रिटन तिच्याकडून दर सहा महिन्यांनी नवा परवाना काढून घेत असे. मॅकार्थी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खटल्यात युरोपीय न्यायालयाने 2014 च्या डिसेंबरात सांगितले की असे करता येणार नाही. पुढे 2020 मध्ये एका विमान कंपनीच्या खटल्यात त्याच न्यायालयाने कायम निवास कार्ड असलेल्या कुटुंबीयालाही व्हिसामाफी आहे हे स्पष्ट केले.

विमानतळावर काउंटरवरच्या मुलीला हे सगळे ठाऊक असेलच असे नाही. म्हणून पत्नीने प्रवासात कार्डाबरोबर विवाह प्रमाणपत्र आणि पतीच्या पासपोर्टची प्रत नेहमी ठेवावी. सीमेवर व्हिसा नाही म्हणून अडवले, तरी परत पाठवण्याआधी नाते सिद्ध करण्याची वाजवी संधी दिलीच पाहिजे असे कायद्यात लिहिलेले आहे.

एका भारतीयाने उघडलेले दार

या सगळ्या इतिहासात एक भारतीय नाव आहे, सुरिंदर सिंग. 1982 मध्ये ब्रॅडफर्डला त्यांचे लग्न एका ब्रिटिश नागरिक महिलेशी झाले. 1983 ते 1985 दोघांनी जर्मनीत नोकरी केली आणि मग परत येऊन ब्रिटनमध्ये धंदा सुरू केला. पुढे संसारात फाटाफूट झाली आणि ब्रिटनने त्यांना देश सोडायला सांगितले. प्रकरण युरोपीय न्यायालयात गेले. 7 जुलै 1992 रोजी न्यायालयाने म्हटले की आपला देश सोडून दुसऱ्या सदस्य देशात काम केलेला नागरिक घरी परतला, तर त्याच्या जोडीदाराला निदान तेवढेच हक्क मिळाले पाहिजेत जेवढे दुसऱ्या सदस्य देशात मिळाले असते. नाहीतर माणूस बाहेर जायलाच कचरेल. 2014 च्या निकालाने यात भर घातली. बाहेरचे वास्तव्य खरे हवे, तीन महिन्यांपेक्षा जास्त हवे आणि तिथे संसार झालेला हवा.

दुसरा मोठा निकाल 25 जुलै 2008 चा, मेटॉक या नावाने ओळखला जाणारा. आयर्लंडचे म्हणणे होते की परदेशी पती आधी दुसऱ्या सदस्य देशात कायदेशीर राहिलेला असला तरच त्याला हक्क. चार आफ्रिकी पतींनी आपल्या ब्रिटिश, जर्मन आणि पोलिश पत्नींसह त्याला आव्हान दिले. न्यायालयाने ती अट उडवली आणि सांगितले की लग्न कधी आणि कुठे झाले याने फरक पडत नाही. रत्नागिरीच्या मशिदीत झालेला निकाह कायदेशीर असेल तर तो तिथेही लग्नच आहे.

निकाह, संमती आणि कागद

आमच्या वाचकांना एक शंका नेहमी असते. घरच्यांनी जुळवलेले लग्न तिकडे जबरदस्तीचे समजतात का? 2009 च्या मार्गदर्शनात याचे स्पष्ट उत्तर आहे. जबरदस्तीच्या लग्नाला या कायद्याचे संरक्षण नाही, पण दोघांच्या मोकळ्या संमतीने जुळवलेले लग्न ही वेगळी गोष्ट आहे. आपल्याकडे काझीसाहेब वधूची इजाजत घेतात ती उगाच नाही. ती नावाला न घेता खरोखर घेतली गेली पाहिजे. दुसऱ्या पत्नीला मात्र या कायद्याने मान्यता देण्याचे बंधन कोणत्याही देशावर नाही. पासपोर्टसाठी केलेले कागदी लग्न हा गैरवापर ठरतो आणि सगळे हक्क काढून घेतले जातात.

आम्ही शाळेत शिकवतो. उर्दू आणि मराठी दोन्ही येत असल्याने पालक निकाहनामे वाचून घ्यायला आमच्याकडे येतात. कागद पाहिले की एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. जन्माच्या दाखल्यावर फातेमा, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर फातिमा, पासपोर्टवर आणखी तिसरे स्पेलिंग. एका ठिकाणी वडिलांचे नाव आधी, दुसऱ्या ठिकाणी आडनाव आधी. जन्मतारीख शाळेत घातली तेव्हाची एक आणि खरी एक. गावात यामुळे काही अडत नाही. परदेशी कचेरीत मात्र त्या तीन वेगळ्या बायका होतात. हे सगळे दुरुस्त करण्याची वेळ लग्नाआधीची, व्हिसाच्या रांगेतली नव्हे.

निकाहनामा जपून ठेवावाच, पण तेवढ्यावर थांबू नये. महाराष्ट्रात 1998 च्या कायद्याखाली विवाहाची नोंद होते. ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेतल्या विवाह निबंधकाकडे ती करून प्रमाणपत्र घ्यावे. गोव्यात तर नागरी नोंदणीशिवाय भागतच नाही. उर्दू निकाहनाम्याचे भाषांतर मान्यताप्राप्त भाषांतरकाराकडून करावे. त्यानंतर परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल घ्यावे. भारतात ही सोय 2005 पासून आहे. जर्मनीने मात्र भारताच्या या करारातल्या सहभागाला हरकत घेतलेली असल्याने तिथे कागद वेगळ्या पद्धतीने तपासले जातात. म्हणून ज्या देशात जायचे त्याच्या वकिलातीला आधी विचारावे.

संसार मोडला तर?

इथे सर्वात जास्त लक्ष द्यावे, कारण बाका प्रसंग इथेच येतो. एक वर्ष तिथे एकत्र राहिल्यानंतर पतीचे निधन झाले, तर पत्नीचा निवासाचा हक्क जात नाही. घटस्फोट झाला, तर तो टिकतो, पण लग्नाला तीन वर्षे झालेली हवीत आणि त्यातले एक वर्ष त्या देशात गेलेले हवे. मुलांचा ताबा आईकडे असेल किंवा घरात मारहाण झाली असेल, तर तीन वर्षांची अट राहत नाही. कायम निवास मिळेपर्यंत तिने नोकरी करावी किंवा उत्पन्न आणि विमा दाखवावा लागतो. यासाठीही मुलीच्या हातात कमाईचे साधन हवे.

पण पती आधीच देश सोडून गेला तर? एका पाकिस्तानी महिलेची कहाणी न्यायालयाच्या कागदांत नोंदलेली आहे. तिचे लग्न 2003 मध्ये कराचीत एका जर्मन नागरिकाशी झाले आणि 2004 मध्ये दोघे ब्रिटनला गेले. घरात मारहाण होत होती. 2006 मध्ये, ती गरोदर असताना, पती घर सोडून गेला आणि पुढे ब्रिटनही सोडले. 2007 मध्ये त्याने कराचीतून तलाक पाठवला. तिने ब्रिटनच्या न्यायालयात घटस्फोटाचा अर्ज 2008 मध्ये केला. 2016 मध्ये युरोपीय न्यायालयाने सांगितले की पती निघून गेल्यानंतर कारवाई सुरू झाल्याने मारहाणीच्या कलमाखाली तिचा हक्क टिकत नाही. तिला आधार मिळाला तो मुलींच्या शिक्षणाचा. बापाने तिथे नोकरी केली होती, मुली तिथल्या शाळेत होत्या, म्हणून त्यांना सांभाळणाऱ्या आईलाही राहता आले.

त्याआधी 2015 मध्ये आयर्लंडच्या एका खटल्यातही तेच ठरले होते. त्यातला एक अर्जदार भारतीय होता. युरोपीय पत्नी आधी देश सोडून गेली, मग घटस्फोट मागितला, आणि पतीचा हक्क तिच्या जाण्याबरोबरच संपला. 2021 च्या बेल्जियममधल्या निकालाने थोडा दिलासा दिला. घरात हिंसा झाली असेल तर पती किंवा पत्नी निघून गेल्यानंतरही वाजवी मुदतीत घटस्फोटाची कारवाई सुरू करता येते. या खटल्यातला पीडित अल्जीरियन पुरुष होता. पण त्याने जवळजवळ तीन वर्षे वाट पाहिली होती, आणि ती वाजवी मुदत धरली गेली नाही.

यातून प्रत्येक आई-बापाने एक गोष्ट गाठीशी बांधावी. मुलगी फोनवर रडली की "सबर कर, सगळे ठीक होईल" असे आपण म्हणतो. सबर मोठी गोष्ट आहे, पण कायद्याच्या तारखा सबर करत नाहीत. मारहाण होत असेल तर तिने पोलिसांकडे नोंद करावी, डॉक्टरचा कागद घ्यावा आणि पती देशात असतानाच वकिलाचा सल्ला घ्यावा. नुसता गावाकडून आलेला तलाकचा कागद तिथे तिचा बचाव करत नाही. अर्ज नाकारला तर नकार लेखी आणि कारणांसह मिळाला पाहिजे आणि त्यावर अपील करता येते, हेही तिला माहीत हवे.

ब्रिटन आता वेगळे

जुन्या आठवणीने अनेक जण ब्रिटनला याच हिशेबात धरतात. ब्रिटनने 31 जानेवारी 2020 रोजी संघ सोडला आणि संक्रमणाचा काळ त्याच वर्षीच्या 31 डिसेंबरला संपला. त्या दिवसापर्यंत तिथे राहत असलेल्या पोर्तुगीज नागरिकांचे हक्क कराराने राखले गेले. स्विंडनमध्ये असे गोव्याचे लोक बरेच आहेत. त्यांच्या पती-पत्नीलाही तो आधार मिळतो, पण नाते त्या तारखेआधीचे असेल तर. नंतर झालेल्या लग्नाला ब्रिटनचा साधा नियम लागतो. ब्रिटिश नागरिक असलेल्या जावयाला पत्नीला नेण्यासाठी 2012 पासून वर्षाला 18,600 पौंडांची मिळकत दाखवावी लागे. एप्रिल 2024 पासून नव्या अर्जांना ती मर्यादा 29,000 पौंड झाली आहे.

पोर्तुगालच्या नागरिकत्वाबद्दलही एक खुलासा हवा. 19 डिसेंबर 1961 पूर्वी गोवा, दमण, दीवमध्ये जन्मलेल्यांच्या वंशजांना तो मार्ग आहे. पण स्वतःहून दुसरे नागरिकत्व घेतले की भारताच्या 1955 च्या कायद्याने भारतीय नागरिकत्व संपते. मुलाने नागरिकत्व खरोखर मिळवले आहे की नुसता अर्ज टाकला आहे, हे पासपोर्ट पाहूनच ठरवावे.

बैठकीत विचारायचे प्रश्न

स्थळ आले की मुलाच्या घरच्यांना नम्रपणे, पण स्पष्ट विचारावे. मुलगा नेमका कोणत्या देशाचा नागरिक आहे आणि कोणत्या देशात राहतो? तिथे त्याची नोंद झाली आहे का, नोकरी चालू आहे का? मुलीचे निवास कार्ड किती दिवसांत करणार? तिचा पासपोर्ट आणि कार्ड कोणाच्या ताब्यात राहणार? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर एकच असू शकते. तिच्या स्वतःच्या. चांगल्या घराला हे प्रश्न खटकणार नाहीत. खटकले, तर ते मंगनीआधीच कळलेले बरे.

मुलीलाही हे सगळे शिकवून पाठवावे. निर्देशाचा क्रमांक, कार्डाची मुदत, माहेरी राहण्याचे दिवस, पोलिसांचा आणि आपल्या वकिलातीचा फोन. आपण तिला दागिने देतो, भांडी देतो, दुआ देतो. त्यात कागदांची एक फाइलही असावी, आणि त्या फाइलमधला प्रत्येक कागद तिला स्वतःला वाचता यावा.